पन्नी घरात येण्याआधीच थांबवायची आहे – नागपूरकरांनो, तुमचं कसं चाललंय?

पळसफूल

एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर नागपूरपुरता वेगळा धागा हवा, असं बरेच दिवस मनात होतं. इतरत्र चर्चा होते ती बांबूच्या ब्रशची आणि ऑनलाइन मागवायच्या महागड्या वस्तूंची. आपले प्रश्न निराळे आहेत. तर्री पोह्यांचं पार्सल, सावजीचा रस्सा, खर्र्याची (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची) पन्नी म्हणजे पातळ प्लास्टिक, उन्हाळ्यातले पाण्याचे पाऊच आणि महाप्रसादाच्या प्लेटा. यांचं काय करायचं, ते बोलू.

कायदा आहेच. राज्याची अधिसूचना २३ मार्च २०१८ ची. दंडाची कारवाई त्याच वर्षी २३ जूनपासून सुरू झाली. पहिल्यांदा सापडलं तर पाच हजार, दुसऱ्यांदा दहा हजार, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. शिवाय १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकचे कप, ग्लास, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ, फुग्याच्या आणि कानकोरण्याच्या काड्या, सजावटीचं थर्माकोल, मिठाईच्या डब्यावरचं पातळ आवरण हे सगळं बंद आहे. तरीही कुठल्याही बाजारातून हात हलवत गेलं तर दोन्ही हातांत पन्न्या घेऊनच परतता येतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की पन्नी एकदा घरात शिरली की तिचं पुढे चांगलं काही होत नाही. ती भांडेवाडीच्या कचरा डेपोत जाते, नाही तर नाल्यात जाते, नाही तर कोणीतरी जाळतं. म्हणून सगळा जोर ती हातात पडते त्या क्षणावर लावायचा. घरात दाराला एक थैली टांगली आणि बाहेरून आलेलं प्रत्येक फेकायचं प्लास्टिक तीत टाकत गेले. उघडून पाहिलं तर दोनच जाती निघाल्या. एक, जे समोरच्या माणसाने हातात दिलं: भाजी, फळं, फुलं, दही, मटण, पोहे, चहाचं पार्सल. दुसरी, जे कारखान्यातूनच बांधून येतं: दूध, बिस्किटं, चिवडा, शाम्पू. पहिली जात जवळजवळ पूर्ण बंद करता येते, आणि त्यासाठी काही विकत घ्यावं लागत नाही. स्कूटरच्या डिक्कीत घडी केलेल्या थैल्या. मिरच्या, लसूण, आल्यासाठी मलमलच्या छोट्या नाडीच्या पिशव्या. दही-पनीर-मटणासाठी घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. डबा तोलण्याआधी द्यायचा. दुकानदार रिकामा डबा काट्यावर ठेवून शून्य करतो आणि मग माल टाकतो. माल तोलून पन्नीत भरल्यावर डबा पुढे केला तर ती पन्नी वाया गेलीच.

दुसऱ्या जातीचं काय करता, ते तुमच्याकडून ऐकायचं आहे.

बर्डीवाला

+१. पोह्यांसाठी मी दोन डबे नेतो, एक पोह्यांचा आणि एक तर्रीचा. उकळती तर्री पातळ पन्नीत ओतून गाठ मारतात ते मला बघवत नाही. ठेलेवाले कधी नाही म्हणत नाहीत, उलट डब्यात चणे जास्तच पडतात. पण डबा विसरलो तर? तेव्हा मी कागदात बांधून द्या म्हणतो. चालेल ना?

रसायन_शिकवतो

कागद म्हणजे वर्तमानपत्र असेल तर नको. तेलकट गरम पदार्थात शाईतली रसायनं उतरतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका अशी सूचनाच काढलेली आहे. कोरा कागद चालेल, पण तर्री त्यात राहणार नाही. डबा नसेल तर तिथेच उभं राहून स्टीलच्या प्लेटमध्ये खा, हे उत्तम.

कागदी कपाबद्दलही लिहून ठेवतो, कारण पुष्कळ लोक तो प्लास्टिकला पर्याय समजतात. कागदात चहा टिकावा म्हणून आतून प्लास्टिकचा पातळ थर दिलेला असतो, बहुधा पॉलिथिनचा. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी २०२० मध्ये मोजून दाखवलं की अशा कपात १०० मिली गरम द्रव १५ मिनिटं ठेवला तर त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिक कण उतरतात. आणि कागद-प्लास्टिक एकमेकांना चिकटलेलं असल्यामुळे तो कप रद्दीतही जात नाही, प्लास्टिकमध्येही जात नाही. टपरीवर काचेचा ग्लास मागा. ऑफिसात चहा येत असेल तर किटली आणि ज्याचा त्याचा कप.

कॉटनमार्केट_भाऊ

मी भाजीचा ठेला लावतो. इथं सगळे गिऱ्हाईकच लिहून राहिले म्हणून म्हटलं आपणही लिहावं.

पन्नी आमाले फुकट नाही भेटत जी. किलोनं इकत घ्या लागते. पावशेर मिरची घेनाऱ्याले एक, अर्धा किलो वांग्याले दुसरी, अन् मंग सगळ्याले मिळून एक मोठी. दिवसाचा खर्च पाहा किती होते. वरून दंडाचं भेव वेगळंच. तरी ठेवा लागते, काऊन का गिऱ्हाईक खाली हातानं येते. नाही म्हटलं त बाजूच्या ठेल्यावर जाते. एकट्यानं बंद करून भागत नाही.

आमच्या रांगेतल्या ठेलेवाल्यायनं मिळून ठरवलं का कोनीच लहान पन्नी नाही द्याची. जो थैली घेऊन येईन त्याले मूठभर सांभार (कोथिंबीर) अन् दोन हिरव्या मिरच्या वरून. ज्याच्याजवळ नसन त्याले कापडी थैली, पैसे जमा ठेवून, परत आनली त पैसे वापस. सुरुवातीले कटकट झाली. आता रोजचे गिऱ्हाईक आपोआप थैली पुढं करते. नवीन मानूस आला त बाजूचं गिऱ्हाईकच त्याले सांगते. तुम्ही लोकं ठेलेवाल्याले दोष देता, त्याआधी एकडाव त्याच्यासंगं बोलून त पाहा.

पळसफूल

भाऊ, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. रांगेने मिळून ठरवणं ही यातली खरी किल्ली आहे. एका ठेल्याने सचोटीने पन्नी बंद केली आणि त्याचंच गिऱ्हाईक तुटलं, तर तो अन्याय आहे. गोकुळपेठ, मंगळवारी, खामला, जिथे जिथे आपण जातो तिथे एकेका दुकानदाराला उपदेश करण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून ठरवावं यासाठी बोललं पाहिजे. गिऱ्हाईक म्हणून आपणही चारपाच जणी एकत्र गेलो तर त्यांना धीर येतो.

मनीषनगरची_सून

मला एक विचारायचं आहे आणि ते कोणी विचारत नाही म्हणून विचारते. थैल्या धुणार कोण? दह्याचा डबा घासणार कोण? दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणार कोण? आमच्या घरी प्लास्टिक कमी करायचं ठरलं आणि त्याबरोबर ठरलेलं सगळं काम न बोलता माझ्या वाट्याला आलं. मला हे करायचं आहे. पण नोकरी करून, दोन मुलं सांभाळून, वर मटणाचा डबा उकळत्या पाण्याने घासायचा, हे कोणाच्या हिशोबात नसतं.

खामल्याची_ताई

+१००. पर्यावरण हा घरकामाचा नवा विभाग होऊ नये.

महालचा_जुना

सुनबाई, प्रश्न अगदी रास्त आहे. जो बाजारात जाईल त्याने डबा न्यायचा आणि आणल्यावर त्यानेच घासून जागेवर ठेवायचा, असा सरळ नियम घरात लावा. आमच्या घरी बाजार माझ्याकडे आहे, त्यामुळे थैल्याही माझ्याकडे. धुतलेली थैली लगेच गाडीच्या हुकला परत गेली पाहिजे. कपाटात गेली की विसरली.

आपल्याच वऱ्हाडातले गाडगेबाबा आठवा. खाण्या-पिण्याला आपलं भांडं सोबत असे, गावात गेले की आधी झाडू हाती घेत, कीर्तन मग रात्री. स्वतःचं भांडं सोबत बाळगायची लाज कधी वाटली नाही त्यांना. आपल्याला मात्र लग्नाला जाताना पर्समध्ये पाण्याची बाटली ठेवायला संकोच वाटतो, हे मला समजत नाही.

आकडेमोड

कापडी थैलीबद्दल एक इशारा. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं निघालं की एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीपेक्षा सुती थैली हवामानाच्या दृष्टीने बरी ठरायला ती किमान १३१ वेळा वापरावी लागते. कापूस पिकवायला पाणी लागतं, खत लागतं, फवारणी लागते. हे विदर्भात कोणाला समजावून सांगायला नको. म्हणून प्रत्येक कार्यक्रमात वाटल्या जाणाऱ्या नव्याकोऱ्या थैल्या घरात साठवणं हा काही उपाय नाही.

त्यातही ज्या ‘कापडी’ म्हणून वाटतात त्यातल्या बऱ्याच कापडी नसतातच. ठिपक्याठिपक्यांची, न विणलेली, हाताला कागदासारखी लागते ती थैली पॉलीप्रोपिलीनची असते, म्हणजे प्लास्टिकच. एक धागा काडीवर धरून पाहा. सूत जळून राख होते, पॉलीप्रोपिलीन वितळून मणी होतो.

महालचा_जुना

@आकडेमोड, म्हणूनच नवं कापड घ्यायचंच नाही. जुन्या साड्या, धोतरं, उशांचे अभ्रे, चादरी, जीनपँटी. हे कापड तर तयारच आहे, त्यासाठी नवा कापूस पिकवावा लागत नाही. महालात, इतवारीत कितीतरी शिवणकाम करणाऱ्या बाया आहेत, बचत गट आहेत. जुन्या साड्या नेऊन दिल्या तर थैल्या शिवून देतात. जाड हवी असेल तर दुहेरी शिवून घ्या, तळाला आडवी पट्टी मारायला सांगा. बटाटे-कांदे घेतले की आधी तळच उसवतो.

गोठ्यातला_डॉक्टर

मी जनावरांचा डॉक्टर आहे. शहरात मोकाट फिरणाऱ्या आणि दूध काढून सोडून दिलेल्या गाईंवर उपचार करावे लागतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

गाय ओठांनी निवडून खात नाही. ती जिभेने घास ओढते आणि बहुतेक सगळं न चावता आत घालते, रवंथ मग करते. आपण उरलेली पोळी, भाताची शितं, भाजीची देठं पन्नीत घालून गाठ मारून फेकतो. गाईला त्या अन्नाचा वास येतो आणि गाठ सोडायची सोय तिला नाही. ती पन्नीसकट गिळते. पोटाच्या चार कप्प्यांपैकी पहिल्या, सगळ्यात मोठ्या कप्प्यात, रुमेनमध्ये, ते प्लास्टिक साचतं. ते पचत नाही आणि पुढेही सरकत नाही. एकात एक पीळ बसून त्याचा घट्ट गोळा होतो, त्यात दोऱ्या, तारा, खिळे अडकतात. जनावर खातं कमी, फुगतं, दूध आटतं, हाडं दिसायला लागतात. मालकाला वाटतं आतून पोट भरलेलं आहे. खरंच भरलेलं असतं, पण कशाने!

उपाय म्हणजे डाव्या कुशीत चीर देऊन रुमेन उघडायचा आणि हाताने सगळं बाहेर काढायचं. ते प्लास्टिक किलोकिलोने निघतं. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा तीच गाय त्याच चौकात त्याच ढिगावर उभी दिसते. म्हणून माझी या धाग्यावरच्या सगळ्यांना एकच हात जोडून विनंती. बाकी काही जमो न जमो, अन्न कधीही पन्नीत बांधून बाहेर टाकू नका. सुटं टाका. शिळी पोळी गाईला द्यायचीच असेल तर हातात धरून द्या.

मनीषनगरची_सून

डॉक्टर, हे वाचून मुलांना वाचून दाखवलं. पण मग ओला कचरा कशात टाकायचा? बादलीत काळी पिशवी लावली नाही तर बादली घाण होते.

खामल्याची_ताई

होते, आणि धुता येते. मी बादलीच्या तळाला वर्तमानपत्राचा दुहेरी कागद घालते. (अन्नाला नको, कचऱ्याला चालतो!) भाजीची देठं, चहाचा चोथा निथळून टाकते, ओलं टाकत नाही. त्यामुळे वासही कमी येतो. कचरागाडीत बादली पालथी करायची, नळाखाली धरायची, उन्हात ठेवायची. नागपूरच्या उन्हात बादली वाळायला किती वेळ लागतो ते सगळ्यांना माहीत आहे.

घरी खत करणार असाल तर जुना माठ घ्या, भोकं पाडा, वाळलेला पाला आणि ओला कचरा असे थर लावा. एप्रिल-मे मध्ये इथे माठ कोरडा पडतो आणि कुजणं थांबतं. तेव्हा ताकाचं पाणी शिंपडत राहायचं, माठ सावलीत ठेवायचा. पावसाळ्यात उलट, पाला जास्त घालायचा.

पॅडचाही विषय निघायला हवा. बाजारातल्या बहुतेक पॅडमध्ये वरचा थर, तळचा थर प्लास्टिकचाच असतो. ज्यांना जमेल त्यांनी कापडी पॅड किंवा मेन्स्ट्रुअल कप वापरून पाहावा. ज्यांना नाही जमणार त्यांच्यावर कोणी बोट उचलू नये. फक्त वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून वर लाल खूण करून वेगळं द्यावं, कचरा वेगळा करणाऱ्या बायांच्या हातात ते उघडं येऊ नये.

हिंगण्याचा_पोरगा

खर्र्याबद्दल कोणीच काही बोलून नाही राहिलं. मी बोलतो, कारण आमच्या कट्ट्यावर सगळे खातात.

नागपुरात रस्त्यावर सगळ्यात जास्त दिसणारं प्लास्टिक कोणतं असेल तर ती खर्र्याची पन्नी. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीच्या चौकोनी तुकड्यावर टाकून घोटतात आणि त्याच पन्नीत पुडी बांधून देतात. म्हणजे पन्नी इथे नुसतं वेष्टण नाही, घोटायचं साधनही तेच आहे. त्यामुळे डबी घेऊन जा म्हणणं इथे लागू पडत नाही. खाऊन झालं की तुकडा तिथेच पडतो. तळहाताएवढा असतो, कोणी वेचत नाही, झाडूत येत नाही, पहिल्या पावसात सरळ गटारात जातो.

दाताची_डॉक्टर

हिंगण्याच्या भावाने मुद्दा नेमका पकडला. खर्र्याला मी बिनपन्नीचा पर्याय सुचवणार नाही, कारण त्याचा पर्याय म्हणजे तो न खाणं. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आली, पण इकडे खर्रा हाताने घोटून मिळतच राहिला. माझ्याकडे तोंड दोन बोटंही न उघडणारी विशीतली मुलं येतात. सुपारीमुळे गालाच्या आतलं अस्तर कडक होतं आणि पुढे त्यातूनच कर्करोग होऊ शकतो. कट्ट्यावरच्या एका जरी मुलाने सोडला तरी त्याचं तोंड वाचतं. पन्नीचं काय ते आपोआप होईल.

सोडायचा असेल त्याने १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनला फोन करावा, तो मोफत आहे.

वर्धारोड

सगळ्यांचा आदर राखून लिहितो. तुम्ही डबे घेऊन फिरा, थैल्या शिवा, पण बिस्किटाचा पुडा, चिप्स, शाम्पूची पुडी हे बनवणारे मोकळेच राहणार ना? आपण घरात चार पन्न्या वाचवतो आणि तिकडे कारखान्यातून ट्रकच्या ट्रक निघतात. हे ओझं सामान्य माणसावर टाकणं मला पटत नाही.

रसायन_शिकवतो

तुमचा राग योग्य जागी आहे. चकचकीत पुड्यांमध्ये प्लास्टिकचे आणि कधी अ‍ॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करणं परवडत नाही म्हणून कबाडी ते घेत नाही, कचरा वेचणाऱ्या ताया उचलत नाहीत. वजन नाही, भाव नाही. त्या उचलतात त्या पाण्याच्या बाटल्या (तळाला त्रिकोणात १ हा आकडा), शाम्पूच्या आणि फिनाइलच्या जाड बाटल्या (२), दुधाच्या पिशव्या (४), डबे आणि झाकणं (५). म्हणजे ज्याचा पुनर्वापर होत नाही तेच सगळ्यात जास्त बनतं.

उत्पादकांनी आपल्या वेष्टणाची जबाबदारी घ्यावी यासाठी केंद्राने १६ फेब्रुवारी २०२२ ला नियमावली काढली आहे. ती कागदावर राहू नये म्हणून दबाव लावायलाच हवा. पण ‘ते करत नाहीत तोवर मी करणार नाही’ असं म्हटलं तर दोन्हीकडून काहीच होत नाही. गिऱ्हाईक म्हणून आपला हात जिथे पोचतो तिथे पोचवायचा आणि नागरिक म्हणून बोलायचं तेही बोलायचं.

दुधाच्या पिशवीबद्दल एक छोटी गोष्ट. कोपरा कापून वेगळा करू नका. तो इवलासा तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही. चीर द्या, तुकडा पिशवीलाच लटकू द्या. धुऊन, वाळवून साठवा, कबाडी घेऊन जातो.

पळसफूल

दुसऱ्या जातीवर मी इतकंच करू शकले: तेल घाण्यावरून स्वतःच्या कॅनमध्ये, जवसाचं आणि शेंगदाण्याचं दोन्ही. डाळ-तांदूळ-गहू इतवारीतून सुटे, वर्षाचे एकदम, कोठीत. चिवडा, शेव, चकल्या घरी. दूध गवळ्याकडून बरणीत. शाम्पूच्या पुडीऐवजी साबणाची वडी. बिस्किटं पूर्ण थांबली नाहीत, लहान मूल घरात आहे. शहरभर असलेल्या गव्हाच्या चक्क्यांसारखं शाम्पू-फिनाइल-मसाले सुटे भरून देणारं दुकान प्रत्येक वस्तीत निघावं, असं फार वाटतं.

अंबाझरीकाठचा

२३ सप्टेंबर २०२३ ची रात्र आम्ही पाहिली. काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, घरांत पाणी. तेव्हापासून आमच्या गल्लीत कोणी नाल्यात पन्नी टाकताना दिसलं तर लोक थांबवतात.

इथे मला नेमकं बोलायचं आहे. तो पूर पन्नीमुळे आला असं म्हणणं चूक ठरेल. तलावाखालचा प्रवाह आवळला गेला, पात्रात बांधकामं झाली, पाऊस अचाट पडला. पण गल्लीतली पावसाळी गटारं, त्यांच्या जाळ्या, छोटे पूल इथे पाणी तुंबलं तेव्हा आम्ही हाताने काय उपसत होतो? पन्न्या, थर्माकोल, बाटल्या. पाण्याने कुठून बाहेर जायचं?

आणि नाग नदी इथेच संपत नाही. ती कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते पाणी गोसेखुर्दच्या धरणात साठतं. पवनी-भंडाऱ्याकडचे मासेमार आपल्या कचऱ्याची किंमत देतात. पुढे प्राणहिता, गोदावरी. बर्डीत टाकलेली पन्नी समुद्रापर्यंत जाऊ शकते, इतका हा रस्ता सरळ आहे.

मंडळाचा_कार्यकर्ता

मुख्य विषयावर येतो. महाप्रसाद. गणपती, नवरात्र, रामनवमी, हनुमान जयंती, नागपुरात महाप्रसाद नाही असा महिना दाखवा. प्रत्येक ठिकाणी प्लेट, द्रोण, ग्लास, चमचा, आणि दुसऱ्या दिवशी मैदानात ढीग. आमच्या मंडळाने हे बदललं, ते कसं ते लिहितो.

आधी आम्ही पळसाच्या पत्रावळींचा विचार केला. भंडारा-गोंदियाकडून माल येतो, गावातल्या बायांना काम मिळतं. पण घेताना उलटून पाहा. हल्ली बऱ्याच पत्रावळींना मागून प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवलेला असतो. चंदेरी द्रोणही तसेच, त्यांवरचा चकाकणारा थर प्लास्टिकचा. काड्यांनी टाचलेली, निव्वळ पानांची पत्रावळ हवी असं आधीच ठासून सांगावं लागतं. वांग्याच्या रश्श्याला ती जरा गळते, म्हणून दोन पानं एकावर एक.

शेवटी आम्ही बिछायत केंद्राकडून स्टीलची ताटं-वाट्या-ग्लास भाड्याने घेतले. हजार पानं जेवणार असतील तर हजार ताटं लागत नाहीत, ताट फिरत राहतं. धुण्याची रांग नीट लावावी लागते. आधी उरलेलं अन्न ड्रममध्ये झटकायचं, मग तीन टब: पहिला साध्या पाण्याचा, दुसरा साबणाचा, तिसरा स्वच्छ पाण्याचा, आणि मग कोरड्या कापडाने पुसून परत वाढायला. धुणाऱ्या बायांना ठरलेली मजुरी रोख, त्याच रात्री. सेवा म्हणून फुकट राबवायचं नाही. भाडं आणि मजुरी मिळून खर्च प्लेटांपेक्षा थोडा वर गेला. वर्गणीच्या पावतीवरच तसं छापलं, लोकांनी आनंदाने दिलं. मैदान त्याच रात्री झाडून मोकळं.

ताटात अन्न टाकणंही कमी झालं, हा अनुभव महत्त्वाचा. फेकायची प्लेट हातात असली की लोक अर्धवट टाकून निघून जातात. स्टीलचं ताट स्वतः धुण्याच्या रांगेत न्यायचं म्हटल्यावर घेतलेलं संपवतात.

दीक्षाभूमीचा_सेवक

जय भीम. विजयादशमीला दीक्षाभूमीवर देशभरातून लाखो लोक येतात. आम्ही भोजनदानाचा स्टॉल लावतो. एवढ्या गर्दीत ताटं धुणं आम्हाला जमत नाही, जागा आणि पाणी दोन्ही कमी. म्हणून पानांच्या पत्रावळी आणि हातात घेऊन खाता येईल असं जेवण: पुरी, सुकी भाजी, बुंदी. चमचाच लागत नाही. पाण्याला मोठी टाकी आणि खाली नळ, ज्याची त्याची बाटली भरून घ्या. पाऊच वाटत होतो तेव्हा अर्धं पाणी पायाखाली सांडायचं आणि रस्ता निसरडा व्हायचा. आता म्हातारी माणसंसुद्धा बाटल्या घेऊन येतात, गावी निघताना भरून नेतात.

बर्डीवाला

उन्हाळ्यातही हेच करायला हवं. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की पाण्याविना चालणार नाही, आणि तहानलेल्या माणसाला पाऊच घेऊ नको म्हणणं मला जमणार नाही. पण चौकात रांजण ठेवून, त्यावर ओला कपडा गुंडाळून पाणपोई चालवणाऱ्या दुकानदारांना आपण मदत करू शकतो. रांजण रोज घासणं आणि पाणी बदलणं हे काम वाटून घेतलं तर ती वर्षानुवर्षं चालते. बर्डीत कोणाला सोबत यायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

मनीषनगरची_सून

@मंडळाचा_कार्यकर्ता, आमच्या सोसायटीच्या नवरात्राला हे करायचं ठरवतोय. पण सगळे म्हणतात आधी पत्रावळींनी सुरू करू. पळसाच्या पत्रावळी किती आधी आणून ठेवता येतात? मागच्या वर्षी उरलेल्या चालतील का?

मंडळाचा_कार्यकर्ता

ताई, पावसाळ्यात साठवू नका, बुरशी धरते. पांढरी किंवा काळी बुरशी दिसली तर ती वापरायची नाही, खतात टाकायची. मागच्या वर्षीच्या कोरड्या राहिल्या असतील तरी ठिसूळ होतात, काड्या निसटतात. कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी घ्या, दोन दिवस उन्हात पसरा, जमिनीवर न ठेवता फळीवर रचा. वाढण्याआधी तासभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या की पानं नरम होतात, रश्श्याने तडकत नाहीत. द्रोण मात्र अंदाजापेक्षा दीडपट घ्या, माणूस वरणाला वेगळा आणि खिरीला वेगळा मागतो.

मनीषनगरची_सून

छान. आचाऱ्याला आजच सांगते. आणि ताटं झटकायच्या ड्रमाजवळ आमच्या सोसायटीतले सगळे पुरुष उभे राहणार आहेत, यादी काल बैठकीत झाली.